चाळिसावं फूल

मिसेस गार्साइडना नवा चष्मा चढवला आणि वाचून बघायला हाताशी होतं ते मी त्यांच्यापुढे सरकवलं. त्यासाठी आमच्या दुकानात एक छापील पुठ्ठा असतो, ओळीओळीने बारीक होत जाणारा. पण तो त्या बुधवारी नेमका सापडेना, आणि माझ्या कोपराशी एनिडचा गुलाबी कागद पडला होता. एनिड माझी थोरली बहीण. दर मे महिन्यात ती असा एक कागद काढते. त्यावर चाळीस कोडी असतात आणि प्रत्येकाचं उत्तर एक रानफूल. हे कागद शेफील्डच्या आमच्या बाजूच्या निम्म्या दुकानांत गल्ल्याशेजारी ठेवलेले असतात, आणि त्यांच्या विक्रीतून तिच्या चर्चच्या सभागृहाचा बॉयलर दुरुस्त होतो. बावीस वर्षं हे चाललं आहे आणि सभागृहात अजून कोट घालूनच बसावं लागतं. ‘थंडीत लबाड प्राण्याचे पंजे गारठू नयेत म्हणून’ असं असलं की फॉक्सग्लव्ह, म्हणजे कोल्ह्याचा हातमोजा. ‘आगगाडी सुटताना फलाटावर जे म्हणतात तेच माझं नाव’ म्हणजे ते निळं इवलंसं, विसरू नकोस मला. एनिड हिवाळाभर ही कोडी रचते आणि मी उन्हाळाभर ती सोडवते. सख्खी बहीण म्हणून मला एका अक्षराची मदत मिळत नाही, आणि चुकून सगळी सुटली तरी बक्षीस मिळणार नाही हे तिने पहिल्याच वर्षी बजावून ठेवलं आहे. बक्षीस म्हणजे फळांचा केक. तो मला असाही आवडत नाही.

मिसेस गार्साइड ऐंशीच्या पुढच्या, डोंगरावरच्या शेतकरीण. त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला, आणि माणसं नेहमी करतात तसं शेवटच्या ओळीपासून सुरुवात केली. “‘चाळीस. वाटेवर भेटले तर कमरेला बिलगेन. उंबऱ्याच्या आत घेतलंत, तर सगळ्यांची लाडकी घरातून जाईल.’ अगं बाई! हे तर सोपंय की.”

“मला नाही सुटलेलं,” मी म्हटलं. “चार दिवस डोकं फोडतेय.”

“आईमारी की गं!”

“काय?”

“आईमारी. पुस्तकात काऊ पार्सली म्हणत असतील. रस्त्याकडेला पांढरी छत्री छत्री झालीय बघ सध्या, तीच. घरात आणली की आई मरते. आम्ही एकदा कौतुकानं घेऊन आलो, तर आमच्या आईनं झाडू फेकून मारला होता दारातून.” त्या हसल्या. “तुझं वय काय, पोरी?”

“सदुसष्ट.”

“मग ठाऊक पाहिजे तुला. हा उजवीकडे जरा टोचतोय हं मला, कानाच्या मागे.”

मी चष्मा काढून घेतला, दांडी गरम केली आणि वाकवली. चुकीची दांडी वाकवली. पुन्हा सरळ केली. बोटं माझीच होती, पण ती काय करताहेत हे मला लांबून दिसत होतं. त्या म्हणाल्या, आता बरा बसला. पाकीट दिलं, फडकं दिलं, उन्हात ठेवू नका म्हटलं. दाराची घंटी वाजली, त्या गेल्या. मग मला दुकानातल्या भिंतीवरच्या सगळ्या चष्म्यांच्या रांगा दिसल्या, एकाच्याही मागे डोळे नसलेल्या, आणि मी खुर्चीवर बसले.

कारण मी ती आणली होती. मे महिना, त्रेसष्ट साल, डर्बीशरमधलं आमचं घर, मागचं दार. मी सहा वर्षांची, आणि माझ्या कवेत इतकी पांढरी फुलं की पुढचं दिसत नव्हतं. तो वास मला आत्ता दुकानात आला, गोडसर, किंचित आंबलेला. मनगटावर हिरव्या देठांचा ओलसर चिकटा. स्वयंपाकघराच्या लाल फरशीवर बारीक पाकळ्या गळत होत्या आणि मला वाटत होतं की मी काहीतरी फार मोठं काम केलं आहे. तोंडात पेपरमिंटची गोळी होती. एनिड बटाटे सोलत होती. ती तेव्हा बारा वर्षांची, पण आई फेब्रुवारीपासून, बर्फ पडत होतं तेव्हापासून, वरच्या खोलीत पडून होती, म्हणून घर एनिडच चालवायची. तिने मान वर केली. ती नजर मी विसरले नव्हते. साठ वर्षांत ती कितीदा तरी आठवली होती, पण मी तिचा अर्थ लावायची तो असा की, मी फरशी घाण केली. तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले, फुलं माझ्याकडून घेतली, निळ्या पट्ट्यांचा चिनी मातीचा जग नळाखाली भरला आणि एक शब्द न बोलता जिना चढून गेली. नवव्या दिवशी आई गेली. तो जग नंतर कधी दिसला नाही. दोन वर्षांनी कांद्याच्या वाफ्यात मला त्याचा निळा तुकडा सापडला, तेव्हा मला वाटलं बाबांनी फोडला असेल.

म्हणजे तिला ठाऊक होतं. त्या क्षणापासून ठाऊक होतं. मला हे एवढं एकच दिसत होतं आणि त्याच्या पलीकडे जाता येत नव्हतं. बाबा खाणीवरून चुनखडीने पांढरे होऊन यायचे आणि खुर्चीत झोपायचे. मला वाढवलं ते एनिडने. माझे मोजे तिने रफू केले, मला पाढे तिने घोकवले, माझ्या लग्नात केक तिने केला. आणि तिने मला एकदाही जवळ घेतलं नाही. कधीच नाही. गोवर आला तेव्हा ती तीन रात्री खाटेशेजारी बसली, पण हात मांडीवर ठेवून. माझा नवरा म्हणायचा, तुझी बहीण माणूस चांगली आहे, फक्त उबेला ठेवायची राहिली आहे. मी हसायचे. स्वभाव असतो एकेकीचा, असं म्हणायचे. स्वभाव! आईला मारणाऱ्या पोरीचे मोजे रफू करत होती ती. आणि आता म्हातारपणी तिने ते गुलाबी कागदावर टाइप केलं होतं, लायब्ररीत प्रती काढल्या होत्या, आणि केशकर्तनालयापासून मासळीच्या दुकानापर्यंत सगळीकडे ते ठेवून दिलं होतं.

मालकांना डोकं दुखतंय सांगितलं आणि बस धरली. एनिड शहराच्या वरच्या टोकाला राहते, डोंगराची हद्द लागते तिथे. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली आणि ती मिळायला नको होती, कारण घरं विरळ झाल्यावर दोन्ही कडांना तीच होती. कुंपणाला चिकटून, दगडी भिंतींना टेकून, मैलच्या मैल पांढरी, बस गेली की वाकायची आणि पुन्हा उभी राहायची. सदुसष्ट वर्षं मी हिच्यामधून चालत आले होते. मी शहाणी बाई आहे. मला कळतं की तिच्यासारखंच दिसणारं एक विषारी झुडूप असतं, आणि मुलांनी त्याला हात लावू नये म्हणून कुणा आयांनी ही भीती घालून दिली असणार. आईला काय झालं होतं तेही मला ठाऊक आहे, जरी आमच्या घरात त्या रोगाचं नाव कुणी घेतलं नाही. फुलांनी काही होत नाही. हे मी स्वतःला नीट, पूर्ण वाक्यात सांगितलं, आणि काही उपयोग झाला नाही. माझा प्रश्न फुलांचा नव्हताच. एनिडला काय वाटत आलं एवढंच मला हवं होतं, आणि पुढच्या मंगळवारी तिच्या हृदयाची झडप बदलणार होते. तिला काही झालं असतं तर मी उरलेला जन्म त्या बटाट्यांपुढच्या नजरेखाली काढला असता. मध्येच एक फालतू गोष्ट डोक्यात घुसली आणि हलेना. ती पेपरमिंट. आमच्याकडे पेपरमिंट एकाच डब्यात असायच्या आणि तो डबा आईच्या उशाशी असायचा, कडू औषधानंतर तोंडात टाकायला. त्या डब्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. मग ती माझ्या तोंडात कशी आली? चोरली असेन, असं म्हणून मी उतरले.

एनिडने दार उघडलं आणि माझ्या मागे कुणी आहे का ते पाहिलं. “आज बुधवार. तू रविवारी येतेस.”

“चाळीस नंबर,” मी म्हटलं.

“उत्तरं तीस जूनच्या आत, बंद पाकिटातून. बहिणींना सवलत नाही.”

“आईमारी.”

ती वळून आत गेली, म्हणून मीही गेले. जिन्याच्या पायथ्याशी तिची हॉस्पिटलची बॅग भरून ठेवलेली होती, सहा दिवस आधीच, वर घडी करून नवा गाऊन. तिने किटली लावली आणि माझ्याकडे पाठ करून विचारलं, “बाकीची एकोणचाळीस जमली?”

“छत्तीस.”

“मेंढपाळाचा बटवा सुटला असेल. दर वर्षी सुटतो तुझा.”

“एनिड, बावीस वर्षांत तू ही एकदाही घातली नाहीस. देशात सगळ्यात जास्त उगवतं हे फूल. तू कुठल्या कुठल्या दलदलीतली नावं शोधून आणलीस, आणि ही एकदाही नाही.”

“नाही घातली.”

“मग आत्ता का?”

“मंगळवारी मला भूल देणार आहेत.” तिने कप मांडले, बशा मांडल्या, मग त्या बशांची जागा बदलली. “म्हटलं, त्याआधी कुणीतरी सोडवावं.”

“मला सरळ सांगता आलं नसतं?”

“कसं सांगतात सरळ? तू सांग. तुला येतं का?” ती एकदम चिडून म्हणाली. “आपल्या घरात कोण कधी सरळ बोललंय?”

माझा आवाज चढला. चढला की तो चिरकतो, मला माहीत आहे. “साठ वर्षं, एनिड! साठ वर्षं तू माझ्यासमोर बसून जेवलीस, आणि मनात हे, की आई माझ्यामुळे गेली!”

ती वळली. तिच्या हातात दुधाचं भांडं होतं आणि ते कलंडून दूध तिच्या बाहीवर सांडत होतं, तिला पत्ता नव्हता. माझ्या बहिणीचा चेहरा मला पाठ आहे, पण असा मी पाहिला नव्हता.

“तुझ्यामुळे?” ती म्हणाली. “तुझ्यामुळे? तू सहा वर्षांची होतीस. तुला गाजर कुठलं आणि पार्सनिपचा कंद कुठला हेही ओळखता यायचं नाही. तुझा काय संबंध?”

“आणली मी.”

“वर कुणी नेली?” तिने भांडं ठेवलं. “मला नाव ठाऊक होतं, लिन. मला दारातच थांबवता आलं असतं. मला ती तिथल्या तिथे बाहेर फेकता आली असती. पण त्या सकाळी तू दूध सांडलं होतंस म्हणून मी तुला मारलं होतं, आणि तू एवढी खूश होऊन आलीस… म्हटलं, पुन्हा कशाला रडवायचं पोरीला. मूर्खासारखी. आणि मनात म्हटलं, या सगळ्या गावंढळ गप्पा, मी शाळेत पहिली येते, मी नाही मानत. पाणी घातलं आणि तिच्या उशाशी ठेवली. नऊ दिवस. रोज पाणी बदललं मी त्यांचं.” तिने स्वतःचे दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहिलं. “तुला जवळ घ्यायचं म्हटलं की हे हात दिसायचे. तुझी आई नेलेले. ह्यांनी कसं घेणार होते तुला?”

दुपारभर मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होते, आणि वळून बघते तर त्यात आधीपासूनच कुणीतरी होतं, साठ वर्षं, सरळ पाठीने. मला तिचा राग आला, तिची दया आली, आणि सगळ्यात जास्त धक्का याचा बसला की मला कधीच काही दिसलं नव्हतं. मी लोकांच्या डोळ्यांवर पोट भरते.

“आई काय म्हणाली?” मी शेवटी विचारलं. “तू ठेवलीस तेव्हा.”

“म्हणाली, ‘शहाणी माझी पोर. आता बरं वाटेल.’ आणि डोळे मिटले. तिला दिसलंच नाही गं काय आणलंय ते. औषधाच्या गुंगीत होती. दिसलं असतं तर ओरडली असती. तिनेच तर मला ते नाव शिकवलं होतं! मी चार वर्षांची असेन, चर्चच्या भिंतीपाशी. सगळी नावं तिनेच शिकवली. म्हणाली, ‘बाकी काहीही घेऊन ये, एनिड, पण ही नाही हं. ही आणलीस तर तुला आई राहायची नाही.’”

आणि माझ्या तोंडात पेपरमिंट विरघळली. खरंच, टाळूला गार लागली. वरची खोली, अर्धा पडदा, उशीवर आईचा चेहरा, लहान होत चाललेला. ती मला खुणेने बोलावते. तिचे डोळे स्वच्छ आहेत. अगदी स्वच्छ, दुपारी शाळेतून आल्यावर पूर्वी बघायची तसे. ती म्हणते, लिन, माझं एक काम करशील? गल्लीच्या कडेला पांढरी फुलली असतील, तुझ्या डोक्याएवढी उंच. जा, घेऊन ये. कवेत मावतील तेवढी आण. डब्याचं झाकण उघडतं, गोळी माझ्या जिभेवर ठेवते. आणि एनिडला सांगू नकोस, मी पाठवलं म्हणून. तेवढं आपल्या दोघींत. एनिडला नावं मिळाली आणि मला गुपचूप करायची कामं, कारण मी मोठी होईपर्यंत मला हात धरून चालत कुठे न्यायची ताकद आईत उरली नव्हती. मी ते गुपित इतक्या इमानाने पाळलं होतं की स्वतःपासूनही लपवलं. नाव ठाऊक असलेली एनिड, आणि कुणी मागवली ते ठाऊक असलेली मी. आम्ही दोघी साठ वर्षं दर रविवारी एका टेबलाशी बसून भाजलेलं मटण आणि पुदिन्याची चटणी खात होतो, अर्धं अर्धं घेऊन.

सांगायचं की नाही? न सांगावं तर ही बाई मंगळवारी ते हात घेऊन भुलीखाली जाणार, आणि कदाचित तशीच जाणार. सांगावं तर तिच्या आईचं मी काय करून ठेवणार होते? छत्तीस वर्षांची बाई, तिने एका मुलीला ती आणायला पाठवलं आणि दुसरीला ती उशाशी ठेवू दिली. की तिला फक्त गल्लीतला मे महिना हवा होता, जो तिला खिडकीतून दिसत नव्हता, आणि मरणाच्या भीतीतून ती केव्हाच पार झाली होती? मला ठरवता येईना. आजही येत नाही. पण तो निर्णय आईचा होता, आणि त्याचं ओझं एनिडने उचललेलं मला बघवेना.

“एनिड,” मी म्हटलं, “ती मी माझ्या मनाने आणली नव्हती.”

तिने टेबलावरचे हात उचलले.

“आईने पाठवलं होतं मला. काय आणायचं ते नीट सांगून. शुद्धीत होती, गुंगीत नव्हती. तुला सांगायचं नाही म्हणाली.”

एनिड हळूच खुर्चीवर बसली. बाहीवरचं दूध टेबलावर ठिबकत होतं. तिने विचारलं, “पेपरमिंट दिली?”

“दिली.”

“मलाही द्यायची. काम गुपचूप करायचं असलं की.” तिने मान हलवली, पुन्हा हलवली. “म्हणजे दिसलं होतं तिला.”

“हो.”

“आता बरं वाटेल, म्हणाली ती. मी ते…” आणि मग माझी बहीण, जी बाबांच्या अंत्यविधीनंतर सँडविच किती उरली ते बघत होती, ती तोंडावर मूठ दाबून रडायला लागली. “बारा वर्षांची होते गं मी! बारा! एक शब्द तरी सांगायला हवा होता तिने मला. आणि मी तो जग फोडला, पुरला, एवढा चांगला जग.”

मी तिचे हात धरले. ते गार होते आणि त्यांना दुधाचा वास येत होता. तिने ते ओढून घेतले नाहीत. आम्ही तशाच बसलो, चहा काळा पडला, बाहेर बस येऊन गेली. तिने नाक शिंकरलं, बाही पाहिली, तोंडातल्या तोंडात स्वतःला दोन शिव्या दिल्या. मग खिडकीकडे बघत म्हणाली, “कोपऱ्यावर फुललीय का?”

“बसथांब्यापर्यंत.”

“जा, घेऊन ये.”

“एनिड, मंगळवारी तुझं…”

“काय मंगळवारी? आपल्याला आता आई कुठंय?” ती म्हणाली. “जा. कवेत मावेल तेवढी आण. पेपरमिंट नाहीये माझ्याकडे, बिस्किट मिळेल.”

मी गेले. बसथांब्यावर एक बाई पिशव्या घेऊन उभी होती, तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग न पाहिल्यासारखं केलं. देठ पोकळ असतात, चटकन तुटतात. मनगटं ओली झाली, पाकळ्या कोटावर गळल्या, तोच वास आला. कवेत इतकी झाली की पुढचं दिसेना. तिच्या मागच्या दारापाशी आले, आणि पाय उंबऱ्याशी थांबले. सदुसष्ट वर्षांचे पाय, पण पुढे पडेनात. फुलांच्या फटीतून मला टेबलावर भरून ठेवलेला जग दिसला, काचेचा, साधा. एनिड त्याच्याशेजारी उभी होती.

“ये की आत,” ती म्हणाली, आणि तिने दोन्ही हात पुढे केले.